कळसूची अट

डोंगरातलं गाव बिघडलं की नाही, याचा निकाल देण्याचं काम पुण्या-मुंबईच्या माणसाकडे कोणी सोपवलं, देव जाणे. निकाल मात्र दर सोमवारी लागतो. शनिवारी पहाटे गाडी काढायची, कसारा घाट चढून घोटीला वळायचं, बारीवरून भंडारदऱ्याला उतरायचं, रविवारी रात्री दमून घरी यायचं आणि सोमवारी ऑफिसात चहा फुंकत सांगायचं, "गेलं हो ते गाव! पूर्वीचं राहिलं नाही." पूर्वीचं म्हणजे कधीचं? तर सांगणारा पहिल्यांदा गेला होता तेव्हाचं. १९९० साली गेलेल्याचं गाव २००० साली बिघडतं आणि २००० साली गेलेल्याचं २०१० साली. आमच्या शेजारचा एक मुलगा गेल्या वर्षी पहिल्यांदा जाऊन आला. यंदा परतला तो मान हलवतच.

बिघडल्याचे पुरावेही ठरलेले. कौलं गेली, पत्रे आले. भज्यांच्या टपरीवर मॅगी मिळते. गुरं राखणाऱ्या पोराच्या हातात मोबाइल आहे. आणि रस्ता झाल्यापासून कोणीही उठतो आणि येतो. हे शेवटचं वाक्य बोलणारे गृहस्थ त्याच रस्त्याने, काचा वर करून आलेले असतात. पण ते त्यांना दाखवून देऊ नये. आधीच सोमवार, त्यात आणखी कशाला?

हा मुलूख अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा, त्यातही पार पश्चिमेच्या टोकाचा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, इथलंच. रतनगड, हरिश्चंद्रगड इथलेच. कडा संपला की खाली कोकण. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची. घाटघरला पाऊस इतका, की त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात. तरी उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यांवर बायका झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडे भरताना दिसतात. समोर धरण भरलेलं असो की आटलेलं, 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण इथे कोणी म्हण म्हणून वापरत नाही. ती इथली वस्तुस्थिती आहे.

आपल्याला या गावांत सगळ्यात जास्त काय आवडतं? कुडाचं घर. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या पट्ट्यांनी बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाली भिंत. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती फुलली की आपण कॅमेरे घेऊन डोंगर चढतो. गावाला ती भिंतीत लागते, चुलीत लागते, वेलांच्या मांडवाला लागते. जमीन सारवलेली असते. ते सारवण मी एकदा पायरीवर बसून नीट पाहिलं. मावशींनी पदर खोचला, शेणकाला पाटीतून ओतला, कमरेत वाकल्या आणि उजव्या हाताचा तळवा डावीकडून उजवीकडे अर्धगोल फिरवत मागे मागे सरकत गेल्या. कोपरा आला की बोटं, मोकळी जागा आली की तळवा. अर्ध्या तासात पडवी, माजघर आणि ओटा झाला. जमिनीवर ओळीने उमटलेले ते ओले अर्धगोल इतके सुरेख होते, की आमच्यातल्या दोघा-तिघांनी लगेच फोटो काढले. एकाने विचारलंही, "मावशी, किती छान! हे किती दिवसांनी करता?"

"आठ दिवसांनी. पाव्हणं जास्त आलं तर चारच दिवसांनी."

"कधी बंद करू नका हं!"

मावशी दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ झाल्या. त्याला वेळ लागला. मग म्हणाल्या, "फरशी बसली की बंदच करनार हाय."

परंपरा टिकली पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या तरी कमरेवर टिकायची असते. पत्रा कुरूप दिसतो खरा. पण गवताने शाकारलेलं छप्पर दर वर्षी नव्याने शाकारावं लागतं, पावसाच्या अंगाला पेंढ्याचा आडोसा बांधावा लागतो, चार महिने चुलीचा धूर घरातच कोंडतो आणि श्रावणात कुठे ना कुठे ठिबकतंच. यातून ज्याला सुटायचं आहे, त्याला सौंदर्यदृष्टी नाही असं म्हणायला आपल्याला काय जातं? आपण कधीच सुटलो. आपल्या फ्लॅटला शेणाने सारवून घ्यायची परवानगी सोसायटी देणार नाही, म्हणून वाचलो.

गावही काही कमी वस्ताद नाही. घरकुल योजनेतून स्लॅबचं घर मिळालं. इथल्या पावसापुढे स्लॅब कितीसा टिकणार? तो ठिबकायला लागला, तेव्हा त्याच्यावर लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड उभी राहिली. म्हणजे आधी घर आणि मग घराला छत्री. शेडखालच्या जागेत पावसाळाभर नागली, लसूण आणि लाकडं कोरडी राहतात, सरपंच बैठक घेतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. कोणत्याही वास्तुविशारदाला न सुचलेला हा मजला आता अर्ध्या गावाने चढवला आहे. जुनं कुडाचं घर त्यांनी पाडलेलं नाही. ते पाहुण्यांना भाड्याने दिलं आहे. शहरातला माणूस कुडाच्या घराला जास्त पैसे देतो, हे कळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. त्यामुळे यजमान स्लॅबखाली पंखा लावून झोपतात आणि पाहुणे शेजारी कुडाच्या भिंतीकडे तोंड करून, डास मारत, अस्सल गावपणाचा अनुभव घेतात. फक्त संडास आत हवा आणि तो कमोडचा हवा. गावपणालाही काही मर्यादा असतात.

मोबाइलचं म्हणाल, तर डोंगरात त्याला जागा लागते. प्रत्येक वाडीवर रेंजचा एक दगड असतो. त्यावर उभं राहून उजवा खांदा शिखराकडे केला की दोन काड्या येतात. मुंबईला गेलेल्या भावाची खुशाली, पोरीच्या सोयरिकीची बोलणी, बारावीचा निकाल, सगळं त्या एका दगडावर. पूर्वी ज्याला पार म्हणत, त्याचंच हे काम. फरक इतकाच, की पारावर बसून बोलत आणि इथे एका पायावर उभं राहून ओरडावं लागतं. गुपित म्हणून काही उरत नाही.

या दगडाचं खरं माहात्म्य कळतं ते रेशनच्या दिवशी. धान्य मिळायचं तर यंत्रावर अंगठा लावायचा आणि यंत्राला रेंज हवी. मग रेशनवाला यंत्र घेऊन दगडाकडे, मागून गाव रांगेत. त्यातही म्हाताऱ्यांचा अंगठा उमटत नाही. चाळीस-पन्नास वर्षं चिखलात भाताची आवणी केलेल्या हातावर रेषा कुठून राहणार? आजी अंगठा पदराला पुसतात, पुन्हा लावतात, यंत्र पुन्हा नाही म्हणतं. एक आजी चिडून यंत्रालाच म्हणाल्या, "आता मलाच वळखीत न्हाईस, तर पुढं काय वळखशील!" एके काळी सही येत नाही म्हणून अंगठा चालायचा. आता सही येते, पण अंगठाच चालत नाही.

म्हणून विकास वाईट असं मी म्हणणार नाही. रस्त्यामुळे अडलेली बाळंतीण झोळीत घालून डोंगर उतरवावी लागत नाही, एवढी एकच गोष्ट शंभर निसर्गकवितांना पुरून उरते. पण विकास या डोंगरात कसा आला, कोणाला विचारून आला, हे मात्र पाहण्यासारखं आहे.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचं पाणी अडलं आणि खालच्या अंगाचा मुलूख पालटला. ऊस उभा राहिला. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सहकाराच्या इतिहासात त्याचं नाव कायमचं लिहिलं गेलं. ते सगळं खरं आणि मोलाचंही. पण पाऊस पडतो वर आणि साखर होते खाली. मधल्या हिशेबात डोंगराच्या वाट्याला काय आलं, तर धरणाचा देखावा. त्या देखाव्यातली एक गंमत आवर्जून पाहावी. धरणाच्या पोटातून पाणी सोडलं की खडकावर आपटून ते गोल पसरतं. त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. लोक लांबून हा धबधबा पाहायला येतात, 'निसर्गाची किमया' म्हणतात आणि परततात. खालच्या शेतांचं आवर्तन संपलं की कोणी तरी चाक फिरवतं आणि निसर्गाची किमया बंद होते.

घाटघरची गोष्ट तर त्याहून सरस. डोंगरमाथ्यावर एक जलाशय, कड्याखाली शहापूर तालुक्याच्या बाजूला दुसरा, मध्ये चारशे मीटरहून जास्त उतार. संध्याकाळी शहरांत दिवे आणि एसी लागले की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. रात्री मागणी उतरली की वीज खर्चून तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"चढवायला जास्त लागती, का उतरवून जास्त मिळती?"

"चढवायला जास्त लागते, बाबा."

"मंग धंदा बुडीत हाय."

मी म्हणालो, "तसं नाही. संध्याकाळच्या विजेला मोल जास्त, मध्यरात्रीच्या विजेला कमी."

बाबांनी तंबाखू चोळत क्षणभर विचार केला. "म्हंजी टमाट्यावानी. नारायणगावला सकाळी येक भाव, दुपारी येक."

वीज मंडळाच्या कोणत्याही माहितीपत्रकात इतकं सोपं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही. आणि बाबांचं टोमॅटोचं ज्ञान पुस्तकी नव्हतं. भात झोडून झाला, नागली-वरई घरात आली, की दिवाळीनंतर निम्म्या वाडीच्या दारांना कुलपं लागतात. माणसं घाट उतरून नारायणगावच्या, संगमनेरच्या बाजूला बागाइतदारांच्या मळ्यांत मजुरीला जातात. आखाड जवळ आला की परत चढतात. घाटघरचं पाणी रोज उतरतं आणि चढतं, इथली माणसं वर्षातून एकदा. पाण्याला वर चढवायला सरकारने पंप बसवला आहे. माणसांसाठी मुक्कामी एसटी आहे, आणि तीही डोंगर ओला झाला की कधी येते, कधी येत नाही.

नागलीचंही पाहा. डोंगरउतारावर, दगडगोट्यांत, दुसरं काही येणार नाही तिथे येणारं हे धान्य. वर्षानुवर्षं ते गरिबाचं म्हणून हिणवलं गेलं. शाळेत डब्यात काळी भाकरी निघाली की पोर डबा झाकून खायचं. मग रेशनचा गहू-तांदूळ आला, भाकरी मागे पडली, उतारावरची नागली कमी झाली. आणि नेमकं त्याच सुमारास शहरातल्या डॉक्टरांनी आपल्याला नागली खायला सांगितली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं आणि नागलीची बिस्किटं चकचकीत पाकिटातून मॉलमध्ये जाऊन बसली. आता वाडीवरचं पोर पाच रुपयांचा मैद्याचा पुडा फोडतं आणि ते पाहून हळहळणारा पाहुणा आपल्या पिशवीतून नागलीचं बिस्किट काढतो. दोघांनी अदलाबदल केली तर दोघांचंही भलं होईल. पण पोराला विचाराल, तर त्याला हा सौदा मान्य नाही.

याच तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वालाचं, घेवड्याचं, भाताचं, भाज्यांचं गावठी बियाणं गोळा केलं, निवडलं, राखेत घोळून मडक्यांत जपलं आणि लोकांना वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं आहे आणि बहुतेकांनी 'परंपरा जपणारी बाई' अशी त्यांची आरती ओवाळली आहे. मला त्यातली एक व्यवहाराची गोष्ट फार आवडते. बियाणं नेणाऱ्याने पीक आल्यावर घेतलं त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं. म्हणजे देणगी नाही, दान नाही, हळहळ तर मुळीच नाही. अट आहे. आणि त्या अटीमुळेच मडकी रिकामी होत नाहीत.

अट हा इथला जुना रिवाज दिसतो. कळसूबाईचीच गोष्ट घ्या. तिची रूपं निरनिराळी आहेत, पण गाभा एकच. कळसू नावाची कोळ्याची पोर. रानात भटकण्याची आवड. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण आधी ठरवून घेतलं : केर काढणार नाही, खरकटी भांडी घासणार नाही, बाकी काय ते सांगा. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरात पुष्कळ पाहुणे आले. भांड्यांचा ढीग पडला आणि घरच्यांनी अट मोडून कळसूला घासायला बसवलं. तिने भांडी घासली. मग उठली ती थेट डोंगर चढून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. वर शिखरावर तिचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात माणसं लोखंडी शिड्या चढून तिच्या पायाशी जातात.

ही गोष्ट आपण 'स्वाभिमानी देवी' म्हणून ऐकतो आणि प्रसाद खाऊन उतरतो. पण नीट पाहिलं तर ती पाहुण्यांचीच गोष्ट आहे. कळसूचं कामाशी भांडण नव्हतं, घराशी नव्हतं, पाहुण्यांशीही नव्हतं. पाहुणे आले म्हणून ठरलेली अट मोडली, याचा तिला राग होता. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेवर आपण राजा बसवला नाही, ऋषी बसवला नाही. कामाच्या अटीवर अडून बसलेली एक मोलकरीण बसवली. ही गोष्ट मला शिखरावरच्या हवेपेक्षा जास्त ताजीतवानी करते.

आणि तिच्या पायथ्याशी आज काय चाललं आहे? पाहुणे! मे महिना सरत आला, वळवाचे दोन शिडकावे झाले, की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे भरतात. अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. त्यांच्यापाशी दिवस थोडे आणि काम महत्त्वाचं. हा अंधार पाहायला शहरातून माणसं येतात ती हेडलाइट लावून. वाहनांची रांग वळणावळणाने इतकी लांब जाते, की खालून पाहणाऱ्याला काजवे कोणते आणि मोटारी कोणत्या ते कळू नये. वन विभाग सांगत असतो, दिवे बंद ठेवा, बॅटऱ्या मारू नका, झाडाखाली गोंगाट करू नका. त्याच वेळी एक काका मोबाइलची बॅटरी झाडावर मारून विचारत असतात, "कुठे आहेत? मला तर एकही दिसत नाही."

त्या पंधरा-वीस दिवसांत गावाला पैसा मिळतो, यात वाद नाही. पोरं वाटाड्या म्हणून फिरतात, तंबू लावतात, पिठलं-भाकरी आणि गावठी कोंबडी विकली जाते. मळ्यात मजुरीला जाण्यापेक्षा स्वतःच्या दारात चार पैसे कमावणं केव्हाही बरं. पण रात्री अकराला ओट्यावर चाळीस ताटं पडलेली असतात आणि ती घासायला कोण बसतं, हे सांगायला नको. पुरुष मंडळी हिशेब करत असतात. कळसू एकच होती, ती निघून गेली. या चाळीस ताटांपुढे बसलेल्या बायांनी कुठे जायचं? डोंगर तोच एक आणि आता त्याच्याही माथ्यावर सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी.

म्हणून मला वाटतं, गाव पूर्वीसारखं राहावं की बदलावं हा वादच चुकीच्या जागी चालू आहे. गाव बदलणारच. ते आपल्या आधीही बदलत होतं, फक्त आपण पाहायला नव्हतो. प्रश्न एवढाच, की येणाऱ्याला अट घालण्याची ताकद गावाकडे आहे की नाही. धरण आलं तेव्हा ती नव्हती, साहेबाने नकाशावर रेघ मारली आणि झालं. घरकुल आणि रेशन येतं तेव्हा अटी असतात, पण त्या सगळ्या समोरच्याच्या. पाहुणा मात्र दारात उभा राहून विचारतो, "जागा आहे का?" तिथे पहिल्यांदा गावाला बोलायला सापडतं.

आणि गाव बोलू लागलं आहे. इथल्या अभयारण्यातल्या गावांत समित्या आहेत. नाक्यावर बांबू आडवा करून पोरगा पावती फाडतो. आपण 'आता निसर्ग बघायलाही पैसे?' म्हणत कुरकुरतो. सिनेमाच्या तिकिटाला कधी कुरकुरत नाही. दुसरी अट कायद्याची आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. ती नसती, तर तळ्याकाठच्या खाचरांत आज भाताऐवजी 'लेक व्ह्यू' बंगले उगवले असते आणि त्यांच्या फाटकावर रखवालदार म्हणून खाचराचा जुना मालक उभा असता. १९९६ सालच्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाबद्दल, जमिनीबद्दल बोलण्याचा हक्क दिला. तो वापरायचा कसा, हे गावं हळूहळू शिकत आहेत. चुकतही आहेत. एका ग्रामसभेत डीजे बंद करण्याचा ठराव एकमताने झाला आणि त्याच आठवड्यात सरपंचाच्या पुतण्याच्या वरातीत डीजे वाजला. पण वरात गावातली होती, पाहुण्यांची नव्हती. ठरावाच्या शब्दांत बसवायचंच म्हटलं तर बसतं.

अशाच एका गावात, एका घरी गेल्या हंगामात जेवायला बसलो होतो. पंगत मोठी होती. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, खुरासणीची चटणी, वर हवा तेवढा भात. जेवण झालं, सगळे ढेकर देत उठले आणि दाराशी अडले. पडवीच्या खांबाला पुठ्ठा टांगला होता. त्यावर शाळकरी अक्षरात तीन ओळी : रात्री दहानंतर गाणी नाही. बाटल्या आपल्या गाडीतून परत न्याव्या. ताट आपले आपण घासावे. खाली बादली, काथ्या आणि राख.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाईंनी अदबीने विचारलं, "मावशी, ताटाचे वेगळे पैसे दिले तर?"

"पैशाचं न्हाई वं ताई," मावशी म्हणाल्या. "तसं ठरलंय."

मग काय, दोन डॉक्टर, एक बँकेचे निवृत्त अधिकारी, एक संगणकवाला आणि मी, असे सगळे उकिडवे बसलो. राख घ्यायची किती यावर चर्चा झाली. निवृत्त अधिकाऱ्यांचं ताट सगळ्यात आधी झालं. ते त्यांनी उजेडात धरून समाधानाने पाहिलं आणि मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ते उलटं केलं, बोट फिरवलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"मागची बाजू ऱ्हायली, दादा."